ब्राउझरमधली गुहा

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यात उजवा हात गेला आणि वाचा गेली. समज किती राहिली, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. परदेशातला दादा मात्र फोनवर सांगून मोकळा झाला, "त्यांना काही कळत नाहीये गं. मग घर काय नि वृद्धाश्रम काय!" आई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मला दोघांचाही राग येत होता. पण खात्री मलाही नव्हती.

तेव्हा मला तो खेळ आठवला. नारायण पेठेतल्या आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हाचा. त्यात चित्रं नव्हती, नुसती इंग्रजी वाक्यं. तुम्ही गुहेपाशी आहात, दार बंद आहे, काय करणार ते टाइप करा. बाबा सरकारी कारकून. त्यांनी यंत्राकडेही अर्जच केला, 'काइंडली ओपन द डोअर'. यंत्र म्हणालं, समजलं नाही.

"अहो बाबा, नुसतं 'ओपन डोअर' लिहा!" दादा ओरडला.

"शिष्टाचार नावाची काही चीज असते," म्हणत बाबांनी पुन्हा तेच लिहिलं. त्या खेळापायी आमचे कितीतरी रविवार वाया गेले, आणि बाबांना इतकं खुशीत मी एरवी कधी पाहिलं नाही.

खराडीच्या ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांचे प्रोग्रॅम दुरुस्त करते. आता सुट्टीच्या दिवशी बसून हा खेळ ब्राउझरमध्ये चालेल असा नव्याने लिहून काढला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, सगळं जसंच्या तसं. लबाडी फक्त एकच केली. बाबांचा डावा हात अक्षरं चुकवणार, आणि 'समजलं नाही' हे त्यांना पुन्हा पुन्हा वाचायला लावणं माझ्या जिवावर आलं होतं. म्हणून काहीही लिहिलं तरी दार उघडेल, अशी सोय करून ठेवली.

लॅपटॉप त्यांच्या पलंगावर ठेवला. बाबांनी एका बोटाने कसंबसं काहीतरी लिहिलं, त्यातली निम्मी अक्षरं चुकली. दार उघडलं. आईने टाळ्या वाजवल्या, पण बाबा हसले नाहीत. त्यांनी खेळ पहिल्यापासून लावायची खूण केली आणि एकच कळ दाबून धरली. ओळभर नुसतं एकच अक्षर उमटलं. दार उघडलं. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे पाहिलं, लहानपणी माझी थाप पकडल्यावर बघायचे तसं.

"आई, अगं, यांना सगळं कळतंय!" मला आनंदाने रडू फुटलं.

आई उशाजवळच्या फोनकडे बघत होती. मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. याच पलंगावर, बाबांच्या पायाशी बसून, फोन स्पीकरवर टाकून, त्यांना कुठे ठेवायचं याच्या चर्चा आम्ही कितीदा केल्या होत्या. अगदी मोकळेपणाने.