मशीनमावशींनी पाडलेला भाव

मावशींचा मूळ धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. पण गेली वीस वर्षं लोक त्यांच्याकडे येतात ते घरगुती सिनेमाचे जुने कॅमेरे घेऊन. चावी देऊन चालणारे, मुठीत मावणारे, कुणाच्या तरी आजोबांनी हौसेने वाढदिवसाला नि सहलीला फिरवलेले. मावशींच्या बाहेरच्या खोलीत असे त्रेचाळीस कॅमेरे आहेत. यजमानांची पुस्तकं गेली पलंगाखाली. "घरात मी चव्वेचाळिसावा," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आणि मीही चावी दिल्याशिवाय हलत नाही."

किंमत सांगायची मावशींची रीत ठरलेली. चावी भरायची, कॅमेरा कानाला लावायचा, डोळे मिटायचे. स्प्रिंग एकसुरात चालली की अर्धं काम झालं. मग भिंग बघायचं. बुरशी दिसली की म्हणणार, "तब्येत ठणठणीत, पण मोतीबिंदू झालाय." घबाड मिळेल म्हणून आलेला माणूस हिरमुसला, की त्याला चहा.

मागच्या वर्षी संग्राहकांच्या मेळाव्यात मात्र मावशींचीच परीक्षा झाली. एका टाय लावलेल्या व्यापाऱ्याने मखमलीवर एक कॅमेरा मांडला होता. मूळ खोका, शेजारी 'कधीही न उघडलेला' अशी चिठ्ठी, आणि भाव ऐकून घेरी यावी असा. एक शिक्षिका घ्यायला तयारही झाल्या होत्या. "फक्त मावशींना एकदा बघू दे," एवढंच म्हणाल्या.

मावशींनी कान लावला. आवाज सुरेख. मग कॅमेरा उलटा केला आणि तळावर बोट टेकवलं.

"हा उघडलेला आहे."

"काहीतरीच! कशावरून?" व्यापारी उसळला.

"तळाचा हा स्क्रू शिलाई मशीनचा आहे."

"असेल! कुणा अडाण्याने बसवला, मला काय पत्ता?"

"मला आहे ना. ती अडाणी मीच."

मंडपभर हशा पिकला. मावशींचे कान लाल झाले, तरी त्यांनी सगळं सांगून टाकलं. एका गिऱ्हाइकाने मशीनबरोबर हा बंद पडलेला कॅमेराही आणून टाकला होता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उघडलेला कॅमेरा तो. तीन दिवस खटपट करून चालू केला, पण एक स्क्रू फरशीच्या फटीत गेला तो गेलाच.

भाव पाव हिश्शावर आला. शिक्षिका उलट खूश. "आता हात लावायची भीती नाही. पोरांचं चित्रण करीन!"

घरी जाताना यजमान म्हणाले, "गप्प बसली असतीस तर?"

"मग उद्या बोंब झाली असती, मावशींना आता स्क्रूसुद्धा दिसत नाहीत म्हणून."

दोन महिन्यांनी दार वाजलं. तोच व्यापारी, आज टायशिवाय, हातात जड पिशवी. "अकरा आहेत," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "म्हटलं, चिठ्ठ्या लिहायच्या आधी विचारावं."

"आत या," मावशी म्हणाल्या. "पण भांडण होणार, सांगून ठेवते."

झालंच. सात कॅमेऱ्यांवरून झालं. आता तो दर महिन्याला येतो.