कँटीनमागचा वाफा

कारखान्यात माल बनतो तसे किस्सेही बनतात, फक्त ते गोदामात न जाता कँटीनमध्ये येऊन साठतात. मशीनच्या आवाजात माणसाला शिफ्टभर बोलता येत नाही. मग जेवणाच्या सुट्टीत जो तो तोंड उघडतो, आणि मी पडलो चहाच्या काउंटरवर! सगळं माझ्याच कानात ओतलं जायचं. पण यमुनाबाईंचे किस्से मला कुणी सांगितलेले नाहीत. ते माझ्या डोळ्यांदेखत घडलेत.

पिंपरीला तेव्हा नुकतेच कारखाने येऊ लागले होते. आजूबाजूला माळरान, मधून मुंबईचा रस्ता, आणि उन्हाळ्यात सावली म्हणून नाही. यमुनाबाई जवळच्या रहाटणीच्या. नवरा गेलेला, पदरात दोन पोरी. आमच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण होत्या, पण टेंपररी. दर तीन महिन्यांनी सुपरवायझर दातार ठरवणार, बाई राहणार की जाणार. अशा माणसाने जरा नमून वागावं की नाही? छे!

*

पुण्याहून येणारी कोथिंबीर चैत्रातल्या उन्हात टेम्पोतच मान टाकायची. म्हणून बाईंनी कँटीनच्या मागे वाफा केला. एका दुपारी दातार मागे आले आणि बघतात तर बाई फरशीवर धणे पसरून चपलेने रगडतायत!

"यमुनाबाई! अन्न पायाखाली?"

"साहेब, धना फोडल्याबिगर उगवत न्हाई."

"म्हणून चपलेने? माझ्या कँटीनमध्ये हे चालणार नाही."

बाईंनी चप्पल काढून बाजूला ठेवली आणि धणे त्यांच्यापुढे सरकवले. "मग तुमी हातानं फोडा. आमी बघतो."

आम्ही चौघे तिथे होतो. कुणी हसलं नाही, पण दातारांना वाटलं की आम्ही हसलो. ते त्यांनी मनात ठेवलं.

*

पुदिना आणला हमीदभाईंनी. हे वर्कशॉपमधले फिटर, खडकीहून सायकलवर यायचे. ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळून आणली आणि स्वतः लावून दिली. महिन्याभरात पुदिना कोथिंबिरीत घुसला.

"हमीदभाई, तुमचा पुदिना माझ्या घरात शिरलाय!"

"बाई, पाहुणा आहे. एकदा आला की हलतोय कुठला!"

"माझी कोथिंबीर गेली तर तुमाला जेवायला वाढणार न्हाई."

हमीदभाई हसत हसत गेले. दुपारी जेवायला बसले तर ताट रिकामं! बाई खरंच वाढेनात. संध्याकाळपर्यंत पुदिन्याभोवती गंजक्या पत्र्याचं कुंपण जमिनीत ठोकलेलं होतं. तेव्हा कुठे त्यांना भाकरी मिळाली.

*

वैशाखात पाण्याचा खडखडाट झाला. दातारांनी हुकूम काढला, "वाफ्याला थेंबभर पाणी घालायचं नाही. घातलं तर बाई घरी!"

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बाई दारात उभ्या राहिल्या. "हात धुवायला मागच्या बाजूला. साबण लावायचा न्हाई. आन् चूळ लांब जाऊन भरायची!"

अख्खी शिफ्ट रांगेने वाफ्यावर हात धुऊ लागली. दातार धावतच आले. "मी पाणी घालू नका म्हणालो होतो!"

"मी कुठं घातलं? माणसं आचवत्यात."

दातारांनी रांगेकडे पाहिलं. रांगेत तिसऱ्या नंबरला त्यांचेच वरिष्ठ बाह्या सरसावून उभे होते. दातार आल्या पावली परत फिरले. पण जाताना त्यांनी बाईंकडे टाकलेल्या नजरेची मला धास्ती वाटली.

*

बाईंचा एक नेम होता. दिवेलागणीनंतर झाडाला हात नाही. सेकंड शिफ्टला लागेल तेवढं त्या दिवस मावळायच्या आत तोडून ओल्या फडक्यात ठेवत. एकदा एक फोरमन अंधार पडल्यावर ताकासाठी पुदिना तोडायला वाकले, तर बाईंनी त्यांच्या हातावर पळी मारली. फोरमनच्या!

"झोपल्याली हायत ती. तुमच्या लेकराचं केस झोपंत कुणी वडलं तर?"

फोरमन साधंच ताक पिऊन गेले.

*

आणि मग मुंबईचे मोठे साहेब आले.

यायचे होते दुपारच्या जेवणाला. इथल्या हिरव्या चटणीचं कौतुक त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून बाईंनी सकाळीच चटणी वाटली, कोथिंबिरीच्या वड्या केल्या. पण गाडी घाटात बंद पडली. साहेब पोचले तेव्हा दिवे लागले होते, आणि त्या उकाड्यात चटणी आंबली होती, वड्यांना वास येत होता. फडक्यातली कोथिंबीर सेकंड शिफ्टच्या आमटीत गेलेली.

"ताजी तोडा," दातार म्हणाले.

"आता न्हाई."

"यमुनाबाई, तुमचे तीन महिने या आठवड्यात संपतायत."

"ठाव हाय."

"मग तोडा! नाहीतर उद्यापासून येऊ नका."

खरं सांगतो, मला दातारांपेक्षा बाईंचाच राग आला. घरात दोन पोरी, आणि ही बाई कोथिंबिरीची झोप सांभाळत बसलीय! मीच तोडायला निघालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत काउंटरमागे गेलो.

साहेबांच्या पानात पिठलं, भाकरी आणि सुकी लसणाची चटणी पडली. त्यांनी पान न्याहाळलं. "ती हिरवी चटणी कुठाय?"

 बाई दारातूनच बोलल्या, "सकाळी मिळंल. झाडं झोपल्यात."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, खाली मान घालून जेवले आणि गेस्ट हाउसवर गेले. दातार बाईंना म्हणाले, "झालं समाधान?"

सकाळी उजाडायच्या आत मी कँटीन उघडायला आलो. बाई येणार नाहीत असंच धरून चाललो होतो. पण त्या वाफ्यापाशी टोपली आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. "नोकरी गेली म्हून झाडं उपाशी ठिवू व्हय?" म्हणाल्या.

तेवढ्यात मागच्या फाटकाशी मोटार थांबली. मोठे साहेब उतरले, मागोमाग शर्टाची बटणं लावत दातार. साहेब वाफ्याच्या कडेला येऊन थांबले. पूर्वेकडे नुसतं तांबडं फुटलं होतं.

साहेबांनी दातारांना खणखणीत आवाजात विचारलं, "या बाई पर्मनंट आहेत ना?"

दातारांचा हात बटणावरच थांबला. 

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "हळू बोला," त्या म्हणाल्या, "अजून उठली न्हाईत."

मोठे साहेब दातारांच्या जवळ सरकले, आणि तोच प्रश्न त्यांनी पुन्हा त्यांच्या कानात कुजबुजत विचारला.