आत्यांनी लावलेलं नाव

सासूबाईंना मी आत्या म्हणते. नवरा गेल्यापासून कवठे येमाईच्या घरात आम्ही दोघीच. धाकटे दीर दौंडला, नोकरीच्या गावी.

एकदा दुपारी दीर अचानक आले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "आई, मी मेलोय का? नॉमिनी म्हणून वहिनीचं नाव?"

आत्यांनी माझं नाव लावल्याचं मला तेव्हाच, दिरांच्या तोंडून कळलं. शिरूरच्या बँकेत आत्यांची ठेव होती. दीर स्वतःच्या कामाला तिथं गेले होते. काउंटरवरच्या पोरानं ओळखीत आत्यांचं खातं उघडून स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली होती.

आत्या शांतपणे म्हणाल्या, "तुला पगार हाय, बायकापोरं हायेत. हिला कोण हाय?"

दीर तसेच निघून गेले. त्या रात्री आत्या जेवल्या नाहीत. "माझ्या मनातलं त्या बँकेतल्या पोरानं चव्हाट्यावर मांडलं," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना शिरूरच्या वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी समजावलं, "बँकेनं खातेदाराची माहिती मुलालाही सांगायची नसते. आधी शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. नाहीतर ग्राहक आयोगात भरपाई मागता येते. आणि आजी, नॉमिनी म्हणजे फक्त पैसे हातात घेणारी. मुलाचा वारसाहक्क त्यानं जात नाही."

"मला भरपाई नगं," आत्या म्हणाल्या. "त्या पोराची नोकरी तर न्हाई ना जाणार?"

"मग काय हवंय तुम्हाला?"

"चुकलो म्हणावं त्यानं. माझ्यासमोर."

आम्ही शाखेत लेखी तक्रार दिली. असं काही घडलंच नाही, असं बँकेनं कळवलं. आत्यांचा चेहरा उतरला. "मी खोटी व्हय?" मग मात्र त्या हटून बसल्या. मी मोबाईलवरून लोकपालाकडे तक्रार केली, त्या दिवसाचं कॅमेऱ्याचं चित्रण तपासा असंही लिहिलं. थोड्याच दिवसांत मॅनेजरसाहेबांचा फोन आला.

त्यांच्या केबिनमध्ये तो पोरगा खाली मान घालून उभा होता. "चुकलो, आजी," म्हणाला.

"लेकालाच सांगितलंस, परक्याला न्हाई," आत्या म्हणाल्या. "पण मला इचारायचं तरी व्हतंस."

बँकेनं चूक लेखी मान्य केली, पोराला ताकीद दिली. तेवढ्यावर आत्यांनी तक्रार मिटवली. वारसाहक्काबद्दल वकीलबाईंनी सांगितलेलं मी दिरांना फोनवर कळवलं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ते पोरांना घेऊन आले आणि दोन दिवस राहिले.

बँकेतून परतताना स्टँडवर मी विचारलं होतं, "आत्या, माझं नाव लावलं ते मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू नगं म्हणाली असतीस," त्या म्हणाल्या. एसटी लागली तशी माझा हात धरून त्या पायरी चढल्या, आणि खिडकीची जागा त्यांनी मला दिली.