आवरलेलं टेबल

आमच्या टिळकवाडीतल्या वाचनालयाची निम्मी जागा जाणार हे ठरलं, तेव्हा निम्मी पुस्तकंही जाणार हे ओघानंच आलं. कुठली ठेवायची हे ठरवायला कमिटीनं एक तज्ज्ञ बाई बोलावल्या. बाई हुशार होत्या. हुशार माणसाशी धड भांडताही येत नाही, याचाच मला राग येतो.

घरी नेलेल्या पुस्तकांची नोंद होती, त्यांचा प्रश्न नव्हता. पण कोश, चरित्रं, मुलखाचे जाडजूड इतिहास आम्ही घरी देत नसू. ते आतल्या खोलीत बसून वाचायचे. ते कुणी वाचतं का हे कळायला बाईंनी सोपी पद्धत सांगितली. वाचलेलं पुस्तक लोकांनी टेबलावरच सोडायचं, संध्याकाळी मी मोजायचं. "कारण मात्र सांगू नका," त्या म्हणाल्या, "नाहीतर उगाच ढीग लावतील." मी पाटी लावली: वाचलेली पुस्तके टेबलावरच ठेवावीत.

दिवसभर मी बाहेर काउंटरला. संध्याकाळी आत जावं तर टेबल लख्ख. महिनाभर हेच. या पुस्तकांना कव्हरं घालण्यात माझी उमर गेली आणि ती कुणालाच नको होती. वाईट वाटलंच, पण वाचकांचा संताप जास्त आला. नुसते पंख्याखाली बसायला येतात लेकाचे! रद्दीचा टेम्पो आला तेव्हा मी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी, काकतीहून रोज बसनं येणारे म्हातारे आप्पा रिकाम्या कपाटापुढं उभे.

"सर, माझं जाडं पुस्तक दिसंना झालंय. थोडंच वाचायचं ऱ्हायलंतं."

"तुम्ही वाचत होता? मग टेबलावर का ठेवलं नाही? पाटी वाचली नाही काय?"

"वाचली की. पण शिपाई रिटायर झाल्यापासनं ती उचलायचं काम तुमच्याच गळ्यात. तुमचं गुडघं लई दुखत्यात, बघतोय न्हवं मी? म्हणून जाताना सगळ्यांचीच पुस्तकं जाग्यावर लावून जात होतो."

मी रिकाम्या कपाटाचं दार लोटलं. म्हणालो, "बाइंडिंगला दिलंय, आप्पा."

"व्हय? मग येतंय की माघारी."

तेव्हापासून ते रोज दारातूनच विचारतात, "आलं काय, सर?" मी नाही म्हणतो. मग ते पेपर वाचत बसतात. आणि निघताना, माझ्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून, सगळ्यांचे पेपर घडी घालून जागेवर ठेवतात.