दिवेमामांचा चष्मा

जुन्या गाड्यांचे पिवळट, धुरकट पडलेले प्लास्टिकचे हेडलाइट घासून लख्ख करून देणाऱ्या माणसाला सगळी गल्ली दिवेमामा म्हणायची. मामा आधी पाणी मारून पॉलिश पेपर घासत. त्याने दिवा आणखीच पांढराफटक पडे आणि गाडीवाल्याच्या तोंडचं पाणी पळे. मग मामा सावकाश म्हणत, "आधी बिघडवल्याशिवाय काही सुधारत नाही."

एके दिवशी मामांना स्वतःचाच चष्मा अंधुक वाटू लागला. दिवा प्लास्टिकचा, चष्म्याची काचही प्लास्टिकची, मग चष्मेवाल्याचे पाय कशाला धरायचे? त्यांनी पेपर ओला केला.

"अहो, हात जोडते, त्याला हात लावू नका," मामी म्हणाल्या.

"मला शिकवू नकोस. वीस वर्षं हेच करतोय."

तासाभराने चष्मा आरशासारखा चकाकत होता. मामांनी तो ऐटीत नाकावर चढवला. भिंतीवरचं घड्याळ वितळल्यासारखं दिसलं आणि दाराला दोन कड्या दिसल्या. पण चूक कबूल करतील तर ते मामा कसले? काहीतरी बोलायचं म्हणून ते मामींकडे वळले आणि बघतच राहिले.

"अगं, तुझ्या चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. लग्नात होतीस तश्शी दिसतेस."

मामी चपला घालून चष्मेवाल्याकडे निघाल्याच होत्या. त्यांनी चपला काढून जागेवर ठेवल्या.

"सुधारलाय हो चष्मा," त्या म्हणाल्या. "आता परत बिघडवू नका."