पाच बोटांची उंची

डेल्मर टॅकेट बुटका होता, पण तसं कुणी म्हटलेलं त्याला खपत नसे. बेकर्सफील्डच्या उत्तरेला तेलाच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, पण त्यासाठी त्याला कुणी ओळखत नसे. ओळखायचे ते गाडीमुळे. बत्तीस सालची दोन दारांची फोर्ड. पीचच्या एका बागेत ती पडून होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. विशीतल्या डेल्मरने ती ओढून घरी आणली, मडगार्ड काढून टाकली, आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. मग संत्र्याच्या खोक्यावर बसून, डोक्यावर टोपी ठेवून, गाडीचा टप, म्हणजे छत, किती खाली उतरवायचा त्याची खूण केली. पाच बोटं. चूय लेडेस्मा या दोस्ताला हाताशी घेऊन त्याने खिडक्यांचे खांब कापले, मधला पत्रा काढला, टप खाली बसवला आणि सांधे वितळलेल्या शिशाने भरून हाताने घासले. दबा धरलेल्या मांजरासारखी गाडी जमिनीलगत बसली. गावाने तोंडात बोटं घातली.

माप मात्र त्याने स्वतःचंच घेतलं होतं, आणि पुढे प्रेमात पडला तो डोकंभर उंच मुलीच्या.

व्हर्ना पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा तिचं कपाळ टपावर आपटलं. सरळ बसणं शक्यच नव्हतं. तिने चालकाच्या बाजूला, डावीकडे, मान कलती केली आणि डोकं आपसूक डेल्मरच्या उजव्या खांद्यावर टेकलं. तिचे वडील चर्चमध्ये उपदेश करत. त्यांच्या घरी ओठ रंगवणंसुद्धा पाप होतं. मुलगी परपुरुषाच्या खांद्यावर डोकं ठेवून फाटकात शिरतेय हे पाहून त्यांचा चेहरा लालेलाल झाला.

"टपच बुटका आहे, डॅडी," व्हर्ना म्हणाली. "मी तरी काय करू?"

म्हातारा वाकला, आत बसून पाहिलं, स्वतःची टोपी चेपून घेतली आणि मुकाट्याने बाहेर आला. खोट काढायला जागाच नव्हती.

लग्न झालं तरी बसणं तसंच राहिलं. व्हर्ना शाळेची बस चालवायची. आठवडाभर एवढं मोठं धूड ताठ बसून हाकायची आणि रविवारी या गाडीत मान कलती करून बसायची. फेब्रुवारीत बदामाच्या बागा फुलल्या की दोघं संध्याकाळी निघत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरं पसरलेलं, त्यात दिवे न लावता हळू चाललेली गाडी, इंजिनची घरघर बुडाखालून पोटापर्यंत येणारी, आणि तिचे केस याच्या मानेला लागलेले. पाकळ्या खिडकीतून आत यायच्या आणि कुठे उतरायच्या ते पाहायलाही कुणी वळायचं नाही. लोक म्हणत, "बघा, या वयातही!" डेल्मरची छाती फुगायची. त्याला वाटे, आपण टप कापला तो जणू याचसाठी. एवढ्या सुखात माणसाला आरसा कोण दाखवणार?

मग तिचा डावा हात बधिर व्हायला लागला. मानेचे मणके झिजले होते. डॉक्टरांनी विचारलं, "मान अशी एका बाजूला किती दिवस धरताय?"

व्हर्ना छताकडे पाहत म्हणाली, "लग्नाच्या आधीपासून."

डॉक्टर हसले. डेल्मरला हसू आलं नाही. गळ्यात पट्टा आला आणि त्या गाडीत बसणं कायमचं बंद झालं.

शरद ऋतूत तो एल मिराजला एकटाच गेला. पाणी नसलेलं तळं ते. पांढरी सपाट माती, आणि दुपारी लांबवर खोटं पाणी चमकायला लागतं. शर्यतीतल्या जुन्या गाड्या धुरळा उडवत त्या पाण्यात उतरतात, विरघळतात, मागे आवाज तेवढा राहतो. तरुणपणापासून दरवर्षी दोघं तिथे येत, डब्यातलं चिकन खात, आणि संध्याकाळी गर्दीपासून दूर त्या पांढऱ्यावर एक चक्कर मारत. या वेळी चक्कर मारताना त्याचा उजवा खांदा सारखा वर जात होता. कुणी टेकत नव्हतं म्हणून. बाकीच्यांच्या गाड्या धावत असतानाच तो घरी निघाला. वाटेत त्याला रडू आलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी तो चूयच्या गॅरेजमध्ये जाऊन बसला.

"हात चालतो ना रे अजून नीट?"

"चालतो."

"वेल्डिंगचं सामान मोकळं आहे?"

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस, डेल्मर. काय कापायचंय?"

"कापायचं नाही. टप वर चढवायचाय."

चूयने चष्मा काढला. "लोक माझ्याकडे टप उतरवायला येतात. चढवायला आजवर एक माणूस आलेला नाही. अरे, त्या टपामुळे तर तुझं नाव आहे! अख्ख्या खोऱ्यात असा दुसरा नाही. हसतील सगळे."

"हसू देत."

"मलाही हसतील! म्हणतील, चूय म्हातारा झाला, उलटी करवत चालवतो."

"तिला सरळ बसता येत नाही रे त्यात."

चूयने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग हे आधी सांगायचं ना, गाढवा."

त्या हिवाळ्यात धुकं इतकं दाट पडलं, की गॅरेजच्या दारातून समोरचं लिंबाचं झाड दिसत नसे. जणू जगात तेवढं एक गॅरेज आणि त्यातला निळा जाळ उरला होता. मागच्या बाजूच्या पत्र्याचा आकार मिळवायला तेव्हा कापून काढलेला जुना तुकडा हवा होता. तो व्हर्नाने कधीच टोमॅटोच्या वाफ्याला कड म्हणून लावला होता. डेल्मर गुपचूप उकरायला लागला तेवढ्यात ती दारात आली.

"माझा वाफा का फोडतोयस?"

"ही पट्टी हवीय. गंजलीय, पण साचा म्हणून चालेल."

तिने पट्टीकडे आणि त्याच्याकडे पाहिलं. मग आत गेली आणि चर्चला जायची टोपी घालून परत आली. घरच्या गॅरेजमधलं संत्र्याचं खोकं ओढून त्यावर ताठ बसली.

"घे माप. टोपीसकट घे. तूही टोपी घालूनच घेतलं होतंस."

मे महिन्यात दोघं तळ्यावर पोचले. जुने दोस्त गोळा झाले, आणि हसू दाबण्याचा कुणी प्रयत्नही केला नाही. "डेल्मर, गाडीला टेंगूळ आलंय!" "गाडी आहे का टपालपेटी?" डेल्मरनेही दात काढले. त्याची चाळीस वर्षांची ऐट त्यांच्यादेखत गेली होती, आणि ती गेली याचं त्याला खरंच वाईट वाटलं.

संध्याकाळी गर्दीपासून दूर त्यांनी चक्कर सुरू केली. व्हर्ना गळ्यातल्या पट्ट्यासकट सरळ बसून समोर पाहत होती.

"ते डोंगर इथेच होते?"

"कायम."

"मला इतकी वर्षं तुझा कान तेवढा दिसला. आणि त्यातले केस."

तो हसला. खांदा मात्र मोकळाच होता. टप वर गेला आणि तिचं डोकंही खांद्यावरून उठलं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. शेवटी त्याने विचारलं, "दुखत होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"आधी मला निमित्त हवं होतं. डॅडींसमोर तुझ्या खांद्यावर डोकं ठेवायची सोय दुसरी कुठे होती? मग सवय झाली. दुखायला लागलं तेव्हा तू एवढा खूश दिसायचास, की म्हटलं, राहू दे. चुकलंच माझं. गाडी थांबव आता."

त्याने घाबरून थांबवली. "काय झालं?"

"सरक. मी चालवते."

"या पट्ट्यात?"

"इथे मान वळवून बघायला आहेच काय?"

ती गाडी आजवर दुसऱ्या कुणी चालवली नव्हती. चालवता येतच नव्हती, माप एकाचंच होतं. व्हर्ना स्टिअरिंगमागे बसली, गिअर टाकला आणि शाळेची बस काढावी तशी सावकाश निघाली. पांढरी माती गुलाबी झाली होती. समोरचं खोटं पाणी जवळ येत होतं आणि तितकंच लांब जात होतं. डेल्मर जन्मात पहिल्यांदा तिच्या जागेवर बसला होता. टप त्याच्या डोक्यावर कितीतरी वर होता, हवं तर उड्या मारता आल्या असत्या. थोड्या वेळाने त्याने मान डावीकडे कलती केली आणि डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं.

"मान दुखेल हं," व्हर्ना म्हणाली.

"त्याला चाळीस वर्षं लागतात," तो म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले.