मतदार बाईंची सही

मुलुंडच्या राजकारणावर मी ब्लॉग लिहिते. लिहिणं सोपं, पण खालच्या प्रतिक्रिया सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप! प्रत्येक प्रतिक्रिया आधी माझ्याकडे येते, मी 'हो' म्हटलं तरच दिसते. माझे नियम दोनच. पुढाऱ्याला काय बोलायचं ते बोला, पण दुसऱ्या वाचकाची आई-बहीण काढायची नाही. आणि कुणाच्या मजकुराला मी हात लावणार नाही. टाकीन तर अख्खा, नाहीतर नाही.

एकदा मी लिहिलं की, इथला एक पुढारी येणार म्हणून पालिकेच्या शाळेतली पोरं उन्हात बसवली होती. झालं! त्याचे कार्यकर्ते तुटून पडले. खोटारडी, पुरावा दे, वगैरे. सगळं छापलं मी. दात-ओठ खात, पण छापलं.

मग दुपारी 'एक मतदार' या नावानं प्रतिक्रिया आली. मुलीला भोवळ आली तरी शिक्षकांना टाळ्या वाजवायला कसं लावलं, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. काय लिहिलं होतं बाईंनी! बोट 'हो'वर गेलं आणि शेवट दिसला. 'आपली विश्वासू', खाली पूर्ण नाव, पद शिक्षिका, आणि शाळाही तीच.

अगं बाई! जन्मभर वरिष्ठांना अर्ज लिहायची सवय. वर नाव लपवलं आणि खाली सही ठोकून मोकळ्या. छापलं असतं तर नोकरीची वाट लागली असती.

नवरा मालवणचा, शेजारी चहा पीत बसलेला. "सही उडव नि टाक. तुका काय करूचा आसा?"

"आज सही उडवली तर उद्या एखादी ओळ उडवेन रे. आणि बाईंनी मुद्दाम केली असेल तर? त्यांच्या वतीनं घाबरणारी मी कोण?"

"मग खा शिव्या," म्हणाला आणि कप विसळायला गेला.

प्रतिक्रियेसोबतच्या ईमेलवर मी विचारलं, सही राहू देऊ का? उत्तर येईना. कार्यकर्त्यांचं 'पुरावा दे' चालूच, आणि पुरावा माझ्या हातात! मोह झाला नाही म्हटलं तर खोटं ठरेल. जीव नुसता टांगणीला लागला होता.

शाळा सुटल्यावर उत्तर आलं. "सही? अरे देवा! टाकू नका हो, घरात मी एकटीच कमावती. वाचवलंत!"

हुश्श! मी तिथेच खुर्चीत मागे रेलले. नवऱ्यानं न विचारता दुसरा चहा टाकला.

थोड्या वेळानं 'एक मतदार' पुन्हा हजर. हकीकत तीच, उलट जास्त धारदार. वर मलाच झापलेलं: लेख ऐकीव आहे, लेखिकेनं तासभर उन्हात बसून बघावं. बरोबरच होतं त्यांचं. शेवटी सवयीनं 'आपली विश्वासू' होतंच, पण खालची जागा कोरी.

मी ती प्रतिक्रिया होती तशी, अख्खी छापली.